दोन अ‍ॅपर्चरमधील कपलिंगचे सिम्युलेशन प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देत असेल तर काय तपासावे

एकाच ग्राउंड प्लेनवर, म्हणजे सपाट धातूच्या पत्र्यावर, शेजारी शेजारी बसवलेल्या दोन अ‍ॅपर्चर अँटेनांमधील (पत्र्यातील उघड्या तोंडातून लहरी सोडणाऱ्या अँटेनांमधील) कपलिंग, म्हणजे एकीकडून दुसरीत पोचणारा संकेत, काढताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. सॉफ्टवेअर ‘कन्व्हर्ज झाले’ असे सांगते, एस११ चा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या लहरीचा, आलेख मोजमापाशी छान जुळतो, परंतु एस२१, म्हणजे खुद्द कपलिंग, मात्र कधी −५२ डेसिबल येतो, मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले तुकडे) थोडी बदलली की −६१ येतो आणि मॉडेलभोवतीचा हवेचा बॉक्स मोठा केला की आणखी तिसरेच काही येते. नवखा अभियंता अशा वेळी मेश आणखी बारीक करत जातो, संगणकाची मेमरी संपते, आणि शेवटी मोजमापाच्या सर्वांत जवळ आलेला आकडा अहवालात जातो. तो आकडा योगायोगाने जवळ आला होता की खरोखर बरोबर होता, हे ठरवण्याचे साधन त्याच्या हाती नसते. पुढील तपासणी मुख्यतः त्या साधनासाठी आहे.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एकच मॉडेल समोर ठेवतो. डब्ल्यूआर-९० मापाचे, म्हणजे आतून २२.८६ मिमी × १०.१६ मिमी असलेले दोन वेव्हगाइड (लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळ्या) एका सपाट धातूच्या पत्र्यात उघडतात आणि त्यांच्या केंद्रांमधील अंतर १२० मिमी आहे. वारंवारता १० गिगाहर्ट्झ, म्हणजे हवेतील तरंगलांबी साधारण ३० मिमी. वेव्हगाइडमधील मुख्य मोडची, म्हणजे टीई१० ची, कटऑफ वारंवारता (जिच्याखाली लहर पुढे जात नाही) ६.५५७ गिगाहर्ट्झ असून नेहमीचा वापराचा पट्टा ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ आहे. दोन्ही अ‍ॅपर्चरचे विद्युत क्षेत्र त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने असेल तर ती ई-प्लेन मांडणी, आणि त्या रेषेला काटकोनात असेल तर ती एच-प्लेन मांडणी. एच-प्लेनमध्ये कपलिंग बरेच कमी असते, आणि म्हणूनच त्रासही तिथेच सर्वाधिक होतो.

‘कन्व्हर्ज झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

फायनाइट एलिमेंट पद्धतीने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेश टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते, आणि लागोपाठच्या दोन टप्प्यांत एस-मॅट्रिक्सचा (एस११, एस२१ इत्यादींच्या तक्त्याचा) कोणताही घटक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदलला नाही की काम थांबते. ही मर्यादा सर्रास ०.०२ ठेवलेली आढळते. हा आकडा डेसिबलमध्ये मांडून पाहावा: ०.०२ म्हणजे −३४ डेसिबल. ज्याचा एस२१ मुळातच −६० डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे ज्याचे मूल्य ०.००१ आहे, त्याच्यासाठी ही अट पहिल्या टप्प्यापासूनच पुरी झालेली असते. वर दिलेल्या उदाहरणात −५२ डेसिबल म्हणजे ०.००२५ आणि −६१ म्हणजे ०.०००९. दोहोंची फेज अगदी उलट धरली तरी फरक ०.००३४ च्या वर जात नाही, आणि तो ०.०२ च्या सहाव्या हिश्श्याएवढाच आहे. सॉफ्टवेअर खोटे बोललेले नाही. त्याने एस११ स्थिर झाल्याची ग्वाही दिली आणि आपण ती एस२१ ची समजलो.

मेश चुकीच्या जागी दाट होणे ही याच दुखण्याची दुसरी बाजू आहे. अ‍ॅपर्चरच्या धारदार कडांपाशी क्षेत्र अतिशय तीव्र असते, त्यामुळे त्रुटीचा अंदाज बांधणारा भाग आपली सगळी शक्ती त्या कडांवर खर्च करतो. दोन अ‍ॅपर्चरच्या मधल्या हवेत क्षेत्र क्षीण असल्याने तिथले मोठमोठे घटक तसेच राहतात, आणि कपलिंग तर नेमके त्याच हवेतून प्रवास करत असते.

उपाय दोन आहेत व ते एकत्र करावेत. पहिला असा की, मधल्या पट्टीसाठी एक काल्पनिक हवेचा ठोकळा काढून त्यात घटकांची कमाल लांबी आपण स्वतः ठरवून द्यावी. वरच्या वारंवारतेला, म्हणजे १२.४ गिगाहर्ट्झला, तरंगलांबी सुमारे २४ मिमी असते, म्हणून २.४ मिमी ही सुरुवात योग्य ठरते. दुसरा असा की, कन्व्हर्जन्सची अट कर्णावरील (एस११, एस२२) आणि कर्णाबाहेरील (एस२१, एस१२) घटकांसाठी वेगळी द्यावी. −६० डेसिबलच्या कपलिंगमध्ये १ डेसिबलची अचूकता हवी असेल तर बदल ०.०००१ च्या आसपास यायला हवा, कारण १ डेसिबल म्हणजे साधारण १२ टक्के. हीच कडक अट सगळ्या मॅट्रिक्सला लावण्याची चूक मात्र करू नये; तसे केल्यास एस११ च्या चौथ्या दशांश स्थळासाठी मेश भरमसाट फुगते आणि एस२१ ला त्याचा काडीचाही लाभ होत नाही.

मॉडेलचा स्वतःचा गोंगाट मोजून घ्यावा

मला सर्वांत उपयोगी पडलेली चाचणी कोणत्याही मेनूत सापडत नाही, आणि ती करायला दहा मिनिटेही लागत नाहीत. दुसरा वेव्हगाइड त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती बरोबर ९० अंशांत फिरवावा, केंद्र जागचे हलवू नये, आणि बाकी सर्व सेटिंग तशीच ठेवून मॉडेल पुन्हा चालवावे. आता दोन अ‍ॅपर्चरच्या केंद्रांतून जाणाऱ्या उभ्या प्रतलाच्या संदर्भात एकाचा मोड सम आणि दुसऱ्याचा विषम होतो, म्हणून कपलिंग सममितीनेच शून्य व्हायला हवे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर शून्य कधीच देत नाही. चतुष्फलकांची मेश त्या प्रतलाभोवती सममित नसते, आणि त्या असमतोलातून जो एस२१ उरतो तो निव्वळ संख्यात्मक गोंगाट असतो. आपल्या मॉडेलचा तळ तो हाच.

हा तळ −६५ डेसिबल आला आणि मूळ मांडणीतील कपलिंग −६० आले, तर त्या −६० ला फारसा अर्थ नाही. तळ संकेताच्या २० डेसिबल खाली असेल तर चूक साधारण ±०.९ डेसिबलच्या आत राहते. १० डेसिबल खाली असेल तर उत्तर २.४ डेसिबलने वर किंवा ३.३ डेसिबलने खाली सरकू शकते. दोन्ही सारखेच असतील तर उत्तर ६ डेसिबलने वाढेल किंवा पार नाहीसेही होईल. एस२१ मेश बदलताच का उड्या मारतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळते.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पत्रा, बॉक्स आणि वेव्हगाइड त्या प्रतलाभोवती खरोखर सममित असले पाहिजेत. कोअॅक्शियल जोडणीचा अ‍ॅडॅप्टर मॉडेलमध्ये असेल तर तो या चाचणीपुरता काढून सरळ वेव्हगाइड ठेवावा, नाहीतर दिसणारे कपलिंग खरेच असेल. दुसरे असे की, १९६६ साली यी यांनी मांडलेल्या चौकोनी जाळीवर चालणाऱ्या एफडीटीडी पद्धतीत (जी वेळेच्या छोट्या पावलांनी क्षेत्र काढते) जाळी स्वतःच सममित असल्याने ही चाचणी फसवी ठरते: उत्तर −१५० डेसिबल येते आणि आपण उगाच खूश होतो. तिथे जाळीच्या रेषा मुद्दाम प्रतलाच्या एका बाजूला थोड्या दाट करून मगच चाचणी घ्यावी.

एस२१ आणि एस१२ सारखे आले म्हणून समाधान मानण्याचीही सवय असते. फायनाइट एलिमेंटमध्ये मॅट्रिक्स मुळातच सममित असते, त्यामुळे चुकीच्या मेशवरही ही दोन्ही मूल्ये तंतोतंत जुळतात. ऊर्जेचा ताळेबंदही इथे निरुपयोगी आहे, कारण −६० डेसिबल म्हणजे शक्तीचा दहा लाखावा भाग, आणि तेवढी तूट ताळेबंदात कोणालाच दिसणार नाही.

डोक्यावरची सीमा फार जवळ आहे

‘विकिरण सीमा अँटेनापासून पाव तरंगलांबी दूर ठेवावी’ हा नियम जवळजवळ प्रत्येकाला पाठ असतो; ही सीमा म्हणजे बॉक्सची लहरी शोषणारी भिंत. विकिरणाचा आलेख काढण्यापुरता तो चालतो, कारण बहुतेक ऊर्जा सीमेवर जवळपास काटकोनात आदळते. कपलिंगमध्ये मात्र आपल्याला रस असलेली लहर पत्र्याला लगटून जाते, आणि डोक्यावरच्या सीमेला ती अतिशय तिरकस घासते.

आकडे काढून पाहू. मुर यांनी १९८१ साली मांडलेल्या पहिल्या क्रमाच्या शोषक सीमेचे परावर्तन (कोसाइन थीटा − १) ला (कोसाइन थीटा + १) ने भागून मिळते, आणि त्यातला थीटा हा सीमेच्या लंबापासून मोजलेला कोन आहे. १० गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे ७.५ मिमी. एका अ‍ॅपर्चरमधून निघून छतावर, म्हणजे डोक्यावरच्या सीमेवर, आदळून १२० मिमीवरच्या दुसऱ्या अ‍ॅपर्चरमध्ये पोचणारा किरण छताला ८३ अंशांच्या कोनात भेटतो, आणि त्या कोनाला परावर्तन −२.२ डेसिबल येते. शोषक म्हणून बसवलेले छत त्या लहरीच्या दृष्टीने आरसाच झाले! पत्रा आणि छत यांच्या मधली ७.५ मिमीची फट मग गळक्या वेव्हगाइडसारखी वागते. छत ६० मिमी वर नेले की कोन ४५ अंश आणि परावर्तन −१५ डेसिबल होते. १२० मिमी वर नेले की कोन २७ अंशांखाली येतो आणि परावर्तन −२५ डेसिबल होते. शिवाय वाट लांबल्यामुळे तो किरण वाटेतही क्षीण होतो. थोडक्यात, छताची उंची तरंगलांबीवरून न ठरवता अ‍ॅपर्चरमधील अंतरावरून ठरवावी, आणि ती किमान त्या अंतराएवढी असावी.

बेरेंजर यांनी १९९४ साली मांडलेला पीएमएल हा शोषक थर तिरकस लहरींना बराच चांगला शोषतो, तरी पत्र्याला समांतर होत जाणाऱ्या लहरींपुढे त्याचीही क्षमता घटते, म्हणून तो वापरला तरी छत फार खाली आणू नये. ग्राउंड प्लेन अनंत धरायचे असेल आणि भूमिती साधी असेल, तर मोमेंट पद्धत वापरणे मला अधिक पसंत आहे. तिथे अ‍ॅपर्चरवरचे चुंबकीय प्रवाह हेच अज्ञात असतात, पत्र्याचा परिणाम प्रतिमेने आपोआप धरला जातो, आणि बॉक्स नसल्याने छताचा प्रश्नच उरत नाही.

पोर्ट किती मागे घ्यावा

शेजाऱ्याकडून येणारे क्षेत्र अ‍ॅपर्चरवर एका बाजूला झुकलेले असते, त्यामुळे एच-प्लेन मांडणीत टीई२० हा वरचा मोड नक्की उत्तेजित होतो. त्याचा कटऑफ १३.११ गिगाहर्ट्झ असल्याने तो वेव्हगाइडमध्ये विझत जातो, पण किती वेगाने विझतो ते वारंवारतेवर अवलंबून आहे: १० गिगाहर्ट्झला प्रत्येक मिलिमीटरमागे १.५५ डेसिबल, तर १२.४ गिगाहर्ट्झला जेमतेम ०.७८. पोर्ट, म्हणजे वेव्हगाइडमध्ये संकेत सोडण्याची व मोजण्याची जागा, २० मिमी मागे असेल तर पट्ट्याच्या मध्यावर ३१ डेसिबलची घट मिळते आणि वरच्या टोकाला फक्त १५.६. चूक नेहमी पट्ट्याच्या वरच्या टोकालाच का वाढते, असा प्रश्न पडला असेल तर आधी हे पाहावे. पोर्ट ५० मिमी मागे घेऊन संदर्भ प्रतल (जिथून फेज मोजतात ती जागा) गणिताने अ‍ॅपर्चरवर आणले की काम भागते. दोन्ही पोर्टच्या एकीकरण रेषांची (क्षेत्राची धन दिशा ठरवणाऱ्या रेषांची) दिशा एकच आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. एक उलटी असेल तर फेज १८० अंशांनी चुकते आणि नंतर अ‍ॅरेचे गणित करताना ते फार महाग पडते.

वेळेच्या पद्धतीत लवकर थांबणे

एफडीटीडी किंवा तत्सम पद्धतीत डोमेनमध्ये उरलेली ऊर्जा ठरावीक पातळीखाली गेली की सिम्युलेशन थांबते. ही पातळी −३० किंवा −४० डेसिबल ठेवलेली असेल, तर आपल्या कपलिंगपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा अजून आत फिरत असतानाच आपण दार लावून घेतो. अर्धवट तोडलेल्या संकेताचे फूरियर रूपांतर केल्यावर वर्णपटात लाटा उमटतात, आणि त्या लाटा पाहून लोक पत्र्याच्या कडांना दोष देत बसतात. थांबण्याची पातळी अपेक्षित कपलिंगच्या किमान २० डेसिबल खाली हवी, म्हणजे −६० साठी −८०.

इथे एक छुपी अडचण आहे. उत्तेजन स्पंदाचा वर्णपट कटऑफपर्यंत खाली पोचत असेल तर ६.५५७ गिगाहर्ट्झच्या जवळचे घटक वेव्हगाइडमध्ये जवळजवळ रांगत चालतात, कारण तिथे समूहवेग शून्याकडे जातो. त्यांची शेपटी इतकी लांबते की ऊर्जा खाली यायचे नावच घेत नाही. स्पंद ७.५ गिगाहर्ट्झच्या वर सुरू होईल असा घ्यावा.

याच प्रकारात मोडणाऱ्या आणखी दोन सेटिंग आहेत. वारंवारतेचा आलेख इंटरपोलेशनने काढताना सहनमर्यादा ०.५ टक्के असेल तर ती −४६ डेसिबल झाली, म्हणून निदान पाच-सहा वारंवारतांना थेट सोडवून बिंदू आलेखावर बसतात का ते पाहावे. आवर्ती सॉल्व्हरचा अवशेष (उरलेली त्रुटी) ०.००१ वर थांबवला असेल तर −६० डेसिबलच्या आसपासच्या उत्तरावर विश्वास टाकू नये. मेमरी परवानगी देत असेल तर सरळ डायरेक्ट सॉल्व्हर घ्यावा.

आकडा खरा आहे हे कसे ओळखावे

मोजमाप हाती नसतानाही उत्तराची खातरजमा करता येते, कारण अंतर वाढवल्यावर कपलिंग कसे घटते हे भौतिकशास्त्राने बांधून दिलेले आहे. अनंत पत्र्यावर ई-प्लेन दिशेने क्षेत्र पत्र्याला लंब असते आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून अंतर दुप्पट केले की कपलिंग ६ डेसिबलने उतरते. एच-प्लेन दिशेने पत्र्याला समांतर असलेले विद्युत क्षेत्र टिकूच शकत नाही, दूरक्षेत्राचे मुख्य पद गळून जाते, आणि अंतर दुप्पट केले की कपलिंग साधारण १२ डेसिबलने उतरते. म्हणून ६०, १२० आणि २४० मिमी अशी तीन मॉडेल चालवावीत. एच-प्लेनमध्ये पहिली पायरी १२ च्या आसपास उतरली आणि दुसरी अवघी तीन-चार डेसिबल उतरली, तर तुमची रेषा गोंगाटाच्या तळाला टेकली आहे, किंवा छतावरून परतलेली लहर थेट लहरीवर मात करते आहे.

फेज त्याहून कडक परीक्षक आहे. १० गिगाहर्ट्झला ५ मिमी म्हणजे ६० अंश. दुसरा वेव्हगाइड ५-५ मिमीने दूर सरकवत जावे आणि एस२१ ची फेज दर पावलाला साधारण ६० अंशांनी मागे पडते का ते पाहावे. गोंगाटाला अंतराचे भान नसते. त्याची फेज कुठेही उडी मारते.

ई-प्लेनमध्ये परिमाणाचा ढोबळ अंदाज दोन अँटेनांमध्ये किती शक्ती पोचते ते सांगणाऱ्या फ्रीस यांच्या १९४६ च्या सूत्राने घेता येतो. १२० मिमीसाठी तरंगलांबी भागिले ४π गुणिले अंतर हे पद −३४ डेसिबल येते, आणि त्यात दोन्ही अ‍ॅपर्चरचा पत्र्यालगतच्या दिशेतला गेन (त्या दिशेत ऊर्जा एकवटण्याचे माप) मिळवायचा. इथे अनेक जण अडखळतात. पत्र्यासह काढलेल्या गेनमध्ये प्रतिमेमुळे दुप्पट झालेले क्षेत्र आधीच धरलेले असते, आणि ग्रहण करणाऱ्या अ‍ॅपर्चरसाठी तोच गेन जसाच्या तसा वापरला की ती दुप्पट पुन्हा एकदा मोजली जाते. म्हणून उत्तरातून ६ डेसिबल वजा करावे लागतात. ‘सिम्युलेशन फ्रीसपेक्षा बरोबर ६ डेसिबल कमी देते’ अशी तक्रार असेल, तर बहुधा सिम्युलेशन बरोबर आहे.

सिम्युलेशन स्थिर, तरी मोजमाप लाटांचे

वरील सर्व करून उत्तर स्थिर झाले आणि तरीही मोजलेल्या आलेखात लाटा दिसतात, तर त्या लाटांचे अंतर मोजावे, कारण त्यातच दोषाचा पत्ता लिहिलेला असतो. ई-प्लेन मोजमापात दोन शिखरांमध्ये १.२ गिगाहर्ट्झ अंतर आहे असे समजू. प्रकाशाचा वेग त्याने भागला की २५० मिमी मिळतात. म्हणजे थेट वाटेपेक्षा २५० मिमी लांबची दुसरी वाट कुठेतरी आहे. दुसऱ्या अ‍ॅपर्चरच्या पलीकडे पत्र्याची कड १२५ मिमीवर असेल, तर तिथपर्यंत जाऊन परत येणारी लहर बरोबर तेवढी वाट चालते. ८.२ ते १२.४ च्या पट्ट्यात अशा साडेतीन लाटा दिसतील. हा सिम्युलेशनचा दोष नाही. मॉडेलमधला पत्रा अनंत आहे आणि प्रयोगशाळेतला नाही, एवढेच. पत्रा खऱ्या मापाचा घेऊन मॉडेल पुन्हा चालवावे, किंवा कडेवर अ‍ॅब्सॉर्बरची पट्टी चिकटवून पुन्हा मोजावे.

लाटा नसून मोजलेले कपलिंग सगळ्या पट्ट्यात सपाट आणि जास्त येत असेल, तर गळती शोधावी. दोन्ही अ‍ॅपर्चर तांब्याच्या चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत आणि व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर एस२१ पाहावा. त्या वेळी दिसणारी पातळी फ्लँजच्या फटी, केबलचे कनेक्टर आणि यंत्राची स्वतःची आंतरगळती यांची असते. मी अशा प्रसंगी फ्लँजचे चारही स्क्रू पुन्हा समान आवळून घेतो आणि केबल एकमेकींपासून दूर करतो. त्यानंतरही झाकलेली पातळी अपेक्षित कपलिंगच्या २० डेसिबल खाली जात नसेल, तर त्या मोजमापाशी सिम्युलेशन जुळवण्याचा प्रयत्नच करत नाही.